वाचनालयाचे सभासद, तीन ठिकाणची तीन लॉगिनं: एकच खातं कसं करावं?

देवघेव_कक्ष

नमस्कार मंडळी.

आमचं तालुक्याच्या गावचं सार्वजनिक वाचनालय, शासनमान्य 'अ' वर्ग. मी कार्यकारिणीवर आहे आणि संगणकाची सगळी बाजू माझ्याकडे असते. पुस्तकांची नोंद, देवघेव आणि सभासदांची यादी कोहा या ग्रंथालयांसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. वर्गणी, देणग्या आणि व्याख्यानमालेची नावनोंदणी वर्डप्रेसच्या संकेतस्थळावर होते. करोनाच्या काळात वाचकांना आपसात बोलायला जागा हवी म्हणून डिस्कोर्स हे चर्चेच्या मंचाचं सॉफ्टवेअर सुरू केलं आणि ते मनापासून रुजलं. आमच्याकडचे निवृत्त शिक्षक तिथे पुस्तकांवर जे लिहितात ते मी आवर्जून घरच्यांना वाचून दाखवतो.

अडचण अशी की तीन ठिकाणी तीन खाती, तीन पासवर्ड. आमच्या एक ज्येष्ठ सभासद आहेत, माजी मुख्याध्यापिका. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी तिन्ही पासवर्ड लिहून ठेवलेत, पण कोहाचा पासवर्ड डिस्कोर्सला घातला जातो, डिस्कोर्सचा वर्डप्रेसला. मग त्या कंटाळून लेख कागदावर लिहितात आणि काउंटरवर आणून देतात. ग्रंथपाल तो टाइप करून बाईंच्याच खात्यातून टाकतात. म्हणजे बाईंचा पासवर्ड आता ग्रंथपालांनाही ठाऊक. भावना चांगली आहे, पण हे बरोबर नाही, आणि असे सभासद एकटे-दुकटे नाहीत.

मला एकदाच लॉगिन करून सगळीकडे जाता येईल अशी सोय करायची आहे. पैसे बेताचे, सर्व्हर एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर), आणि पूर्ण वेळ माणूस नाही. काही प्रश्न आहेत. खातं मूळ कुठे ठेवावं, कोहात की वर्डप्रेसमध्ये? माझा भाचा म्हणतो, गूगल लॉगिन लावून मोकळे व्हा. दुसरे एक सदस्य म्हणतात, पासवर्ड काढूनच टाका, मोबाइलवर ओटीपी द्या. आणि बऱ्याच घरांत नवरा-बायको दोघं सभासद, पण ईमेल एकच, तोही मुलाने काढून दिलेला. त्यांचं काय करायचं? ज्यांची वर्गणी थकली त्यांना चर्चेतून बाहेर काढायचं का, यावरही आमच्यात एकमत नाही.

---

पनवेल_ते_पेण

भाच्याचं ऐका. अँड्रॉइड फोन आहे म्हणजे जीमेल खातं आहेच. डिस्कोर्समध्ये गूगल लॉगिनची सोय मुळातच असते, गूगलच्या क्लाउड कन्सोलमधून क्लायंट आयडी आणि सीक्रेट (तुमच्या साइटची गूगलकडची ओळख आणि गुप्त किल्ली) काढा, लॉगिननंतर परतायचा पत्ता नीट भरा, संध्याकाळपर्यंत चालू होईल. परतीच्या पत्त्यात एचटीटीपीएस आणि मागचा तिरका दंड अगदी तंतोतंत जुळायला हवा, नाहीतर रीडायरेक्ट यूआरआय मिसमॅच म्हणून लाल पाटी येते. आमच्या सोसायटीच्या पोर्टलला हेच केलंय आणि छान चाललंय.

---

कृष्णाकाठ_सर्व्हर

देवघेव दादा, मी एका शिक्षण संस्थेच्या लॉगिनचं काम बघते. शाळा, कॉलेज, वसतिगृह, माजी विद्यार्थी, सगळ्यांची खाती माझ्या हाताखालून जातात. हे काम मला फार जवळचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सॉफ्टवेअर कोणतं हा प्रश्न नंतरचा. आधी कार्यकारिणीने एका गोष्टीवर ठरावच करावा: सभासद म्हणजे कोण, हे संगणकाने कशावरून ओळखायचं? ईमेलवरून नाही. मोबाइल नंबरवरून नाही. नावावरून तर नाहीच. जे आयुष्यभर बदलत नाही आणि एकाचं दुसऱ्याला कधी दिलं जात नाही अशा एका क्रमांकावरून. तुमच्याकडे तो आयता आहे: सभासद नोंदवहीतला क्रमांक. कार्डाचा क्रमांक घेऊ नका, कार्ड हरवलं की नवीन देताना तो बदलतो. नोंदवहीतला क्रमांक माणसाबरोबर राहतो. सभासदत्व सोडलं तरी तो आकडा दुसऱ्याला द्यायचा नाही, एवढा नियम करा.

प्रत्येक चांगल्या एकल लॉगिन पद्धतीत या क्रमांकासाठी जागा केलेली असते. ओपनआयडी कनेक्ट या लॉगिनच्या खुल्या पद्धतीत तिला 'सब' म्हणतात, डिस्कोर्समध्ये 'एक्स्टर्नल आयडी'. लोक ती जागा भरतात, पण खाती मात्र ईमेलवरून जुळवतात आणि तिथेच घोळ होतो.

आता खातं कुठे ठेवायचं. माझं मत: पासवर्ड वर्डप्रेसमध्ये, आणि डिस्कोर्सने वर्डप्रेसला विचारायचं. याला डिस्कोर्सकनेक्ट म्हणतात, २०२१ च्या आधी त्याचं नाव डिस्कोर्स एसएसओ होतं. वर्डप्रेससाठी डिस्कोर्सवाल्यांचंच मोफत प्लगिन आहे. आत काय घडतं ते समजून घ्या, म्हणजे अडलं तर कुठे बघायचं ते कळेल. वाचकाने डिस्कोर्सवर 'लॉगिन' दाबलं की डिस्कोर्स एक एकदाच वापरायचा आकडा तयार करतं, त्याला नॉन्स म्हणतात. दोन्ही सर्व्हरना ठाऊक असलेल्या गुप्त किल्लीने तो मजकूर एचएमएसी-एसएचए-२५६ पद्धतीने सही करून वर्डप्रेसकडे पाठवला जातो. वर्डप्रेस सही तपासतं, वाचकाकडून पासवर्ड घेतं, आणि तोच नॉन्स, एक्स्टर्नल आयडी, ईमेल, नाव असं सगळं पुन्हा सही करून परत पाठवतं. डिस्कोर्स सही आणि नॉन्स दोन्ही पडताळून आत घेतं. पासवर्ड डिस्कोर्सपर्यंत पोचतच नाही. हा मजकूर बेस६४ मध्ये असतो. तो वाचता न येणारा दिसतो, पण कुणालाही उलगडता येतो. सही असल्यामुळे कुणी बदलला तर पकडला जातो, एवढंच. म्हणून दोन्ही ठिकाणी एचटीटीपीएस हवंच, आणि ती किल्ली लांबलचक, यदृच्छेने तयार केलेली हवी. वाचनालयाचं नाव आणि स्थापनेचं साल असली किल्ली नको.

एक धोका मी सगळ्यांना पोटतिडकीने सांगते. पहिल्यांदा कुणी असं लॉगिन करतं तेव्हा डिस्कोर्स आधी एक्स्टर्नल आयडी शोधतं. तो नसला तर ईमेल जुळतो का ते बघतं, आणि जुळला की जुनं खातं त्याच माणसाच्या हाती देतं. आता समजा वर्डप्रेसमध्ये न पडताळलेल्या ईमेलवर खातं उघडता येतंय. कुणीही तुमच्या अ‍ॅडमिनचा ईमेल घालून खातं उघडेल आणि डिस्कोर्सवर अ‍ॅडमिन होऊन बसेल. यासाठीच परतीच्या मजकुरात 'रिक्वायर अ‍ॅक्टिव्हेशन' नावाची खूण असते. ईमेल पडताळलेला नसेल तर ती खूण लावून पाठवायची, मग डिस्कोर्स स्वतः पडताळणीचं पत्र धाडतं आणि तोवर जुळवत नाही. तुमच्याकडे वर्डप्रेसची खुली नोंदणी चालू असेल तर ती आजच बंद करा. सभासदाचं खातं काउंटरवरून, नोंदवही समोर ठेवून उघडलं जावं.

पनवेलकरांनी सांगितलेलं गूगल लॉगिन वाईट नाही, पण ते डिस्कोर्सवर लावू नका. तिथे लावलं तर गूगलने ओळखलेला माणूस आत येतो, तो तुमचा सभासद आहे की नाही हे कुणीच विचारत नाही. ते वर्डप्रेसच्या दारावर लावा, आधीच्या सभासद खात्याला जोडण्यापुरतं. दारं हवी तेवढी असू द्या, नोंदवही एकच. शिवाय डिस्कोर्सकनेक्ट चालू केल्यावर डिस्कोर्सची बाकीची लॉगिनं बाजूला पडतात, तेव्हा तिथे गूगल लावून उपयोगही नाही.

त्यावरून आठवलं. चालू करण्याआधी अ‍ॅडमिनसाठी मागचं दार तपासून ठेवा. वर्डप्रेस बंद पडलं तर डिस्कोर्समध्येही जाता येणार नाही. डिस्कोर्सच्या पत्त्यापुढे 'यू' आणि मग 'अ‍ॅडमिन-लॉगिन' असं पान असतं, ते अ‍ॅडमिनच्या ईमेलवर एकदा वापरायचा दुवा पाठवतं. तो दुवा खरंच येतो का हे शांतपणे आधी बघा.

---

देवघेव_कक्ष

ताई, किती मनापासून लिहिलंत. नोंदवहीचा क्रमांक हा मुद्दा आमच्या ग्रंथपालांना वाचून दाखवला, त्यांना लगेच पटला. आमच्या नोंदवहीत एकाच नावाचे आणि एकाच आडनावाचे बाप-लेक, काका-पुतणे भरपूर आहेत. नावावरून शोधलं की रोज गोंधळ होतोच.

दोन गोष्टी राहिल्या. कोहाचं काय? सभासदांना पुस्तकाची मुदत वाढवायला तिथेही लॉगिन करावं लागतं. आणि ओटीपीचा आग्रह धरणाऱ्या सदस्यांना मी काय सांगू? त्यांचं म्हणणं असं की बँक, गॅस, रेल्वे सगळं ओटीपीवर चालतं, आपल्याच वाचनालयाला काय झालं.

---

संदेशवहन

ओटीपीबद्दल मी सांगतो, माझा तोच धंदा आहे. छोट्या संस्थांना एसएमएस पाठवायची सोय करून देतो.

भारतात संस्थेच्या नावाने एसएमएस पाठवायचा तर दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर नोंदणी लागते. आधी संस्थेची नोंदणी, मग हेडर म्हणजे पाठवणाऱ्याचं छोटं नाव, मग प्रत्येक मजकुराचा साचा. साच्यात एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की संदेश वाटेतच अडतो. कागदपत्रं नीट असली तर हे सगळं होतं, पण नंतर प्रत्येक लॉगिनला पैसे. आणि समजा कुणी तुमच्या लॉगिन पानावर यंत्र लावून हजारो नंबरांना ओटीपी मागवले, तर रात्रीत शिल्लक रिकामी. त्यासाठी वेगावर मर्यादा घालावी लागते. बँकेकडे हे बघायला माणसं असतात.

यापेक्षा मोठी अडचण नंबरांची. बंद झालेला नंबर कंपनी किमान ९० दिवस थांबून दुसऱ्याला देऊ शकते. तुमच्या ज्येष्ठ सभासदांपैकी कितीजण रिचार्ज विसरतात ते तुम्हाला माहीत असेलच. नंबर गेला की खातं परक्याच्या हाती. आणि जे सभासद मुलांकडे परदेशी जाऊन राहतात त्यांचं इथलं सिम बहुधा बंदच असतं, ओटीपी पोचत नाही. मला धंदा मिळाला असता, पण वाचनालयाला मी ओटीपी घ्या असं सांगणार नाही. फार तर मुदत संपल्याची आठवण एसएमएसने पाठवा.

---

पनवेल_ते_पेण

गूगलबद्दल कृष्णाकाठ यांचा मुद्दा मान्य. आमच्या सोसायटीत सदनिका क्रमांक आधी भरून घेतला होता म्हणून अडलं नाही, तो तपशील मी सांगायला हवा होता. कोहाबद्दल मात्र एक सुचवतो. कीक्लोक हा फक्त लॉगिन सांभाळणारा सर्व्हर बसवा. मुक्त स्रोत आहे, रेड हॅटच्या लोकांनी सुरू केलेलं, आणि ओपनआयडी कनेक्ट आणि सॅमल या दोन्ही लॉगिन पद्धती बोलतं. कोहा, वर्डप्रेस, डिस्कोर्स तिघंही त्यालाच विचारतील. हेच खरं एकल लॉगिन.

---

कृष्णाकाठ_सर्व्हर

कीक्लोक मी रोज वापरते आणि मला ते आवडतं. तरी दादांना सध्या नको म्हणेन. ते जावावर चालतं, एकट्यालाच एक-दीड जीबी मेमरी हवी, आणि डिस्कोर्सलाही तेवढीच लागते. छोट्या व्हीपीएसवर दोघं एकत्र सुखाने नांदत नाहीत. शिवाय कीक्लोकच्या नव्या आवृत्त्या भराभर येतात. लॉगिनचा सर्व्हर अद्ययावत न ठेवता तसाच सोडणं हे तीन पासवर्डांपेक्षा वाईट. ते बघायला कुणी ठरलेला माणूस मिळाला की जरूर बसवा. कोहा २२.११ आवृत्तीपासून ओपनआयडी कनेक्ट स्वीकारतं, म्हणजे वाट बंद होत नाही.

तोवर कोहा वेगळं राहू द्या. मुदतवाढ महिन्यातून एखाद्या वेळी लागते, चर्चा रोज लागते. रोजचं आधी सोपं करा. मात्र यादी कोहाचीच खरी धरा: आठवड्यातून एकदा तिथून सभासद क्रमांक, नाव, ईमेल आणि मुदतीची तारीख अशी फाइल काढून वर्डप्रेसमध्ये भरायची. एक बारकावा: प्लगिन आपणहून वर्डप्रेसचा आतला क्रमांक एक्स्टर्नल आयडी म्हणून पाठवतं. थोडा कोड लिहून तिथे सभासद क्रमांक घालता येतो. ते जमेपर्यंत एवढं पाळा की वर्डप्रेसमधलं खातं पुसून पुन्हा उघडायचं नाही. सभासद परत आला की जुनंच खातं जागं करायचं.

वर्गणी थकलेल्यांबद्दल तुम्ही विचारलंत. माझं ठाम मत आहे, त्यांना बाहेर काढू नका. डिस्कोर्सला लॉगिनबरोबर गटांची नावंही पाठवता येतात. 'चालू सभासद' हा गट फक्त मुदत शिल्लक असलेल्यांना द्या, आणि नवीन लिहिण्याचा अधिकार त्या गटाला. मुदत संपली की गट सुटतो, माणूस वाचू शकतो, त्याचं आधीचं लिखाण त्याच्या नावाने जागेवर राहतं. कुणी दहा वर्षं पुस्तकांवर लिहावं आणि वर्गणीच्या तारखेवरून ते सगळं नाहीसं व्हावं, हे वाचनालयाला शोभणार नाही. वर्गणी भरली की पुढच्या लॉगिनला गट परत.

नवरा-बायको आणि एक ईमेल. वर्डप्रेस आणि डिस्कोर्स दोघांनाही प्रत्येक खात्याला वेगळा ईमेल लागतो, इथे सूट नाही. जीमेल असेल तर पत्त्यात ॲटच्या आधी अधिकचं चिन्ह घालून पुढे काहीही लिहिता येतं, पत्र त्याच पेटीत येतं. म्हणजे मूळ पत्ता एकाला, आणि अधिक चिन्ह लावून सभासद क्रमांक जोडलेला दुसऱ्याला. डिस्कोर्समध्ये ईमेल नॉर्मलाइझ करण्याचं सेटिंग आहे. ते चालू असेल तर अधिक चिन्हापुढचा भाग गाळून दोन्ही पत्ते एकच धरले जातात, तेव्हा आधी ते बघा. पण ही तात्पुरती सोय समजा. बाईमाणसाचं स्वतःचं खातं नवऱ्याच्या किंवा मुलाच्या पेटीवर अवलंबून असू नये असं मला मनापासून वाटतं. एखाद्या रविवारी काउंटरवर बसून ज्यांना हवा त्यांना स्वतःचा ईमेल काढून द्या. आमच्या वसतिगृहातल्या स्वयंपाकाच्या मावशींना तसा काढून दिला, तर आता त्या स्वतः रजेचा अर्ज भरतात, लेकाला विचारावं लागत नाही.

पासवर्डबद्दलही थोडं. दर तीन महिन्यांनी बदलायची सक्ती करू नका. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या मार्गदर्शक सूचनाही ठरावीक काळाने बदल करायला लावू नका असंच सांगतात, फुटल्याचा संशय आला तरच बदला. लांब ठेवू द्या, चार साधे मराठी शब्द ओळीने चालतील. वहीत लिहून ठेवलेला एक पासवर्ड घरातल्या कपाटात असला तर मला चालतो. ग्रंथपालांना ठाऊक असलेला नाही चालत.

आणि वाचन कक्षातला सामायिक संगणक. डिस्कोर्सचं सेशन, म्हणजे एकदा केलेलं लॉगिन, मुळात शेवटच्या भेटीपासून १,४४० तास टिकतं, म्हणजे ६० दिवस. घरच्या फोनवर ते छानच, पण वाचन कक्षात एक उठला की दुसरा त्याच्या नावाने लिहू शकेल. त्या संगणकावर ब्राउझर बंद केला की सगळं पुसलं जाईल असं ठेवा. शिवाय बाहेर पडताना डिस्कोर्स आणि वर्डप्रेस दोन्हीकडून बाहेर पडतं का ते स्वतः दाबून बघा. नुसतं एकीकडून बाहेर पडलं तर पुन्हा 'लॉगिन' दाबताच पासवर्ड न विचारता आधीचाच माणूस आत जातो. प्लगिनमध्ये दोन्हीकडचं लॉगआउट जुळवायची सोय आहे, तिचं सेटिंग शोधा.

---

संदेशवहन

एक भर. पासवर्ड विसरल्याचं पत्र स्पॅममध्ये गेलं तर सगळी मेहनत वाया. व्हीपीएसवरून थेट मेल पाठवू नका, एखादी मेल पाठवणारी सेवा घ्या आणि डोमेनला एसपीएफ, डीकिम, डीमार्क या पत्र खरंच तुमचंच आहे हे पटवणाऱ्या तिन्ही नोंदी लावा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल याबाबत कडक झालंय. आणि पत्राचा विषय मराठीत ठेवा, वाचनालयाचं नाव आधी. ज्येष्ठ मंडळी इंग्रजी विषय दिसला की फसवणूक समजून पुसतात, आणि तसं समजतात ते योग्यच करतात.

---

देवघेव_कक्ष

सगळ्यांचे आभार. काल कार्यकारिणीची सभा झाली, तुमचे मुद्दे छापून नेले होते. ठरलं ते असं.

सभासद क्रमांक कायमचा, दुसऱ्याला द्यायचा नाही, असा ठराव मंजूर झाला. ओटीपीचा आग्रह धरणाऱ्या सदस्यांनी ९० दिवसांचा मुद्दा ऐकल्यावर स्वतःच अनुमोदन दिलं, कारण त्यांच्या सासऱ्यांचा नंबर असाच गेला आहे. वर्डप्रेसची खुली नोंदणी सभेतूनच फोनवरून बंद केली. वर्गणी थकलेल्यांना वाचू द्यायचं यावर थोडी चर्चा झाली, पण शेवटी सगळे 'हो' म्हणाले.

बालविभागाची मुलं मात्र यात सध्या घेत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ च्या आतली सगळी मुलं बालकांत धरली आहेत आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. त्यासाठी काउंटरवर पालकांच्या सहीचा अर्ज करावा लागेल, ते सावकाश बघू.

आता डिस्कोर्स आणि कोहा यांच्या याद्या शेजारी-शेजारी ठेवून ईमेल जुळवायला बसलोय. ताई, एक शंका निघाली. काही वाचकांनी डिस्कोर्सवर वेगळ्याच ईमेलने खातं काढलंय, आणि काउंटरवर दिलेला ईमेल निराळा. असं लॉगिन चालू केलं तर त्यांची दोन खाती होतील ना?

---

कृष्णाकाठ_सर्व्हर

होतील, आणि नव्या खात्यात त्यांचं जुनं लिखाण दिसणार नाही. चालू करण्याच्या आधी त्यांना एकेक फोन करा आणि कोणता ईमेल ठेवायचा ते विचारा. मग कोहा, वर्डप्रेस आणि डिस्कोर्स तिन्हीकडे तोच करा. अंदाजाने जुळवू नका, एकाच आडनावाचे काका-पुतणे तुमच्याकडे आहेत असं तुम्हीच म्हणालात. कुणी निसटलंच तर डिस्कोर्सच्या अ‍ॅडमिनला दोन खाती एकत्र करता येतात, पण ते परत फिरवता येत नाही, तेव्हा आधी बॅकअप घ्या.

पहिल्या दिवशी सगळ्यांना चालू करू नका. चाचणीसाठी वेगळं डिस्कोर्स उभं करा आणि पाच-सहा जणांना तिथे बोलवा. त्यात त्या मुख्याध्यापिका बाई असू द्या. त्यांच्या शेजारी बसा, पण माउसला हात लावू नका. त्या कुठे थांबतात ते बघा आणि तिथली पाटी बदला.

---

देवघेव_कक्ष

शनिवारी दुपारी बाईंना बोलावलंय. ग्रंथपालांनाही, त्यांच्याकडचा बाईंचा पासवर्ड आधी बदलून घेतो. फोनची यादी आज संध्याकाळपासून घेतो.